शेजारच्या घरी दिलेलं पासबुक

भिलाईत आमच्या सेक्टर दहाच्या क्वार्टरात सट्टा लागायचा तो पाण्याचा. हसू नका, खरं सांगून राहिले. भारताची मॅच असली की बाबा आणि शेजारचे काका सकाळीच शर्त लावायचे. जो हरेल त्यानं आठवडाभर दोन्ही घरांच्या बागेला बादलीनं पाणी घालायचं, आणि जिंकलेल्यानं खुर्ची टाकून, चहा पीत पीत त्याच्या चुका काढायच्या. त्या जास्वंदाले कमी पडलं भाऊ, पपई तहानलीच राहिली न बापा, असं. बाबा स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर होते. दिवसभर भट्टीसमोर शिजून आलेला माणूस मे महिन्यात बादल्या वाहायचा आणि वर बोलणी खायचा. पण हरल्यावर त्यांनी एकही दिवस बुडवला नाही, ना कधी काकांनी.

दोघंही विदर्भातले. बाबा भंडाऱ्याकडचे, काका गोंदियाजवळच्या एका खेड्यातले. एकाच वर्षी प्लांटमध्ये लागले आणि क्वार्टर मिळाले तेही लागून, मधे एकच भिंत. टीव्ही आधी काकांकडे आला. मॅचच्या दिवशी तो व्हरांड्यातल्या टेबलावर यायचा आणि अर्धा ब्लॉक अंगणात. सेकंड शिफ्टला निघालेले लोक सायकलवरूनच एक पाय खाली टेकवून स्कोर विचारायचे, आणि भोंगा झाला की प्लांटला शिव्या देत पॅडल मारायचे. आई आणि काकू आतून चिवड्याचं पातेलं पाठवायच्या, आणि दोघी एकमेकींना म्हणायच्या की कोणीही हरो, आपल्या झाडाले पाणी भेटते न, बस झालं. ते दिवस पुन्हा यायचे नाहीत. मला त्यांची फार आठवण येते आणि ते सांगायची मला काही लाज नाही.

त्या काळी कोणी लांब सुट्टीवर गावाला निघालं की शेजारी तीन वस्तू ठेवून जायचं. घराची किल्ली, रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक. पासबुकात पैसे काढायच्या दोन-तीन स्लिपा सह्या करून ठेवलेल्या, आकडा रिकामा. आज सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. एका वर्षी काकांची आई गावाकडे अंथरुणाला खिळली आणि काकांना दीड महिना येता आलं नाही, तेव्हा त्यांचा पगार बाबांनी काढून मनिऑर्डरनं पाठवला. पुढं बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा आमचं घर काकांनी चालवलं. कोणी कोणाला काही विचारलं नाही. विचारणं म्हणजे त्या माणसाचा अपमान होता. पासबुकाची गोष्ट निघाली की नाही म्हणायचं नसते, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, पण येत होतं.

काका वारले त्याला तीन वर्षं झाली. त्या क्वार्टरात आता काकू आणि त्यांचा मुलगा. मी आठवीत होते तेव्हा तो जन्मला. आई म्हणायची हिला बाहुली नको, शेजारचा पोट्टा दिला की पुरे. त्याला कडेवर घेऊन मी सगळा ब्लॉक पालथा घातला आहे. मला तो ताई म्हणतो, घरात मराठी बोलता बोलता मधेच हिंदीवर जातो. बापाच्या वेळेसारखी प्लांटची भरती आता राहिली नाही. त्यानं काही वर्षं ठेकेदाराकडे काम केलं, मग मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढलं, तेही बसलं.

मोबाइलवरच्या सट्ट्यानं भिलाईचं काय केलं ते मी वेगळं सांगायला नको. काल सायकलवर फिरणारी पोरं आज मोठ्या गाड्यांतून उतरायला लागली. अमक्याचा मुलगा परदेशात पॅनल चालवते, असं बायका कौतुकानं सांगायच्या. पॅनल म्हणजे लोकांचे डाव घ्यायचं दुकान, फक्त मोबाइलवरचं. काकूंच्या मुलानं आधी स्वतः डाव लावले आणि हरला. मग ज्यांचं देणं झालं त्यांनीच त्याला काम दिलं, की माणसं गाठ आणि त्यांच्या नावाची बँक खाती आणून दे. सट्ट्याचा पैसा फिरवायला त्यांना दुसऱ्याचीच खाती लागतात. पण हे सगळं आम्हाला फार उशिरा समजलं.

तेव्हा झालं ते एवढंच, की एका सकाळी तो बाबांच्या पायाशी येऊन बसला आणि म्हणाला, काका, दोन महिन्यांसाठी एक खातं पाहिजे होतं, माझ्या नावावर अडचण आहे. बाबांनी विचारलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. म्हणाले, सट्टा तर नाही न रे? तो म्हणाला, नाही काका, ऑनलाइन गेम है, बाहर देश का लायसन्स है, एकदम लीगल. बाबा त्याच्या स्कूटरवर मागे बसून बँकेत गेले. नवीन खातं उघडलं, त्यानं बोट ठेवलं तिथं सही केली, आणि पासबुक, एटीएम कार्ड, त्या खात्यासाठी घेतलेलं सिम, सगळं त्याच्या हातात देऊन घरी आले. आईलाही बोलले नाहीत. यात बोलण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

चार-पाच महिन्यांनी दुर्गहून पोलिसांची नोटीस आली. बाबांच्या त्या खात्यातून सट्ट्याचा पैसा फिरला होता, नोकरीभर पाहिला नसेल एवढा, आणि बाबांनी येऊन जबाब द्यायचा होता. काकूंचा मुलगा तोवर दिसेनासा झाला होता. दोन महिन्यांपूर्वी रायपूरला काम आहे म्हणून गेला तो गेलाच, फोन बंद.

मी जवळच रिसालीला राहते, शाळेत शिकवते. आईचा फोन आला तशी शाळेतून निघाले. माझा राग नाकावर असतो, शाळेतली पोरं मला मागून मिरची म्हणतात ते मला माहीत आहे. सत्त्याहत्तर वर्षांच्या बापाला मी त्या दिवशी उभ्यानं झाडलं. तुमचे केस भट्टीवर पांढरे झाले का, म्हणाले. हे बोलायला नको होतं. बाबा ऐकून घेत होते, शेवटी एवढंच बोलले.

"त्याच्या बापानं माह्यं पासबुक सांभाळलं. मी पोराले नाही कसं म्हणू?"

माझ्या नवऱ्याच्या ओळखीचे एक वकील दुर्गच्या कोर्टात आहेत, त्यांच्याकडे बाबांना घेऊन गेलो. त्यांनी सगळे कागद पाहिले आणि म्हणाले, लायसन्स कोण्या देशाचं का असेना, इथं ते चालत नाही. ऑनलाइन सट्ट्यासाठी राज्यानं आता वेगळा कायदा केला आहे. खेळणाराच नाही, खातं देणाराही यात सापडतो, आणि मला माहीत नव्हतं म्हणून सुटता येत नाही. एकच वाट आहे. खातं कोणाला दिलं, काय सांगून नेलं, ते स्पष्ट सांगा, म्हणजे तुम्ही साक्षीदार. गप्प बसलात तर आरोपी तुम्हीच.

बाबांनी फार गंभीरपणे विचारलं, की मग आम्ही पाणी लावत होतो त्याचं काय? वकिलांना समजलं नाही, मी समजावून सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, आजोबा, त्याला कोणी विचारत नाही. बाबा हसले नाहीत. म्हणाले, तेव्हा हरलो तर जिंकणारा समोर खुर्चीवर बसलेला दिसायचा, आता हे एवढे सगळे हरून राहिले, तर जिंकून कोण राहिलं? वकील चष्मा पुसायला लागले.

नाव मात्र घ्यायला बाबा तयार नव्हते. दोन दिवस मी आणि आईनं डोकं फोडलं. या वयात तुरुंगात जाल म्हणून आई रडली. बाबांचं एकच, की नाव घेतल्यावर त्या घराकडे कोणत्या तोंडानं पाहू? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आमचा शहाणा ती चढायला निघाला होता, तीही दुसऱ्याच्या पोरासाठी.

ठाण्यात जायच्या आदल्या संध्याकाळी काकू आल्या. मला वाटलं, पोराचं नाव घेऊ नका म्हणून पदर पसरायला आल्या. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, आणि ते काही चांगलं नव्हतं. काकू बसल्याही नाहीत. दारातच उभं राहून बोलल्या.

"भाऊजी, नाव सांगा त्याचं. मी ठाण्यात गेली होती, हरवला म्हणून लिहा म्हटलं. तर पोलीस म्हणते, मोठा माणूस हाये, गेला असन कुठं. तुमी नाव घेतलं तर शोधतीन तरी त्याले."

त्यामागचं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. रिसालीतला एक मुलगा असाच सट्ट्यात हरून फोन बंद करून गेला होता, आणि चौथ्या दिवशी पोलीस त्याच्या बापाला प्रेत ओळखायला घेऊन गेले. काकूंनी तेव्हापासून रात्रीचं जेवण सोडलं होतं. बाबा मान खाली घालून बसले होते, हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेले. जबाब घेणारा अधिकारी तरुण होता, रीतीनं वागला. बाबांना खुर्ची दिली, पाणी मागवलं, मग हिंदीत विचारलं की पासबुक कोणाला दिलं. बाबांनी नाव सांगितलं. आडनावासकट पूर्ण नाव, क्वार्टरचा नंबर, प्लांटमधला नोकरीचा पर्सनल नंबरसुद्धा, न अडखळता. ते नाव काकांचं होतं.

अधिकारी लिहीत होता. बाबांना भ्रम झाला नव्हता, त्यांनी दोन दिवस विचार करून हे काढलं होतं. मेलेल्या माणसाला कोण पकडणार? माझ्या देखत बाबा कधी खोटं बोलले नव्हते, आणि या वयात बोलले तेही मित्राच्या नावावर. राग आला असता तर बरं झालं असतं. मला रडू यायला लागलं. क्षणभर वाटलं, जाऊ द्या, लिहू द्या. मग दारात उभ्या राहिलेल्या काकू आठवल्या.

"साहब, वो नहीं रहे," मी म्हणाले. "तीन साल हो गए. पासबुक उनका बेटा ले गया."

मग मी त्याचं नाव सांगितलं. अधिकाऱ्यानं फोटो आहे का विचारलं. माझ्या मोबाइलमध्ये होता, गेल्या दिवाळीचा, आमच्याच घरी चकलीचं ताट हातात धरून हसताना. ज्याला कडेवर घेऊन फिरले त्याचा फोटो मी पोलिसाच्या नंबरवर पाठवून दिला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढं जे विचारलं त्याला हो, नाही, एवढंच म्हणत गेले आणि शेवटी सही केली.

दुर्गहून ऑटोनं सेक्टर दहाला आलो. काकू फाटकाशी उभ्या होत्या. बाबा खाली उतरले आणि त्यांच्यासमोर हात जोडले.

"वहिनी, माह्यानं नाही झालं. पोरीनं सांगितलं."

काकू मला म्हणाल्या, बरं केलं बाई. मग आमच्याच पायरीवर बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. माय होऊन पोराले धरा म्हटलं मी, असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी कुठं उभं राहावं ते मला समजत नव्हतं.

बाबा माझ्याशी एकोणीस दिवस बोलले नाहीत. मी रोज शाळा सुटल्यावर जायची, आईशी बोलायची, ते पेपर वाचायचे. त्यांना साक्षीदार केल्याचं वकिलांनी कळवलं ते मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, तरी पेपर खाली आला नाही. काकू मात्र मला रोज एकच विचारायच्या, काही फोन आला का ठाण्यातून?

विसाव्या दिवशी आला. दुसऱ्या राज्यातल्या एका शहरात, भाड्याच्या खोलीत, आणखी काही पोरांसोबत तो सापडला होता. त्याला दुर्गला आणलं होतं आणि आईला भेटू देणार होते. काकूंनी डबा केला. भाकरी, झुणका, त्याला आवडतो तसा लसणाचा ठेचा. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि त्यांच्यासोबत निघाले. मी येऊ का म्हटलं, तर म्हणाले, तू थांब. वीस दिवसांतला तो पहिला शब्द.

मी व्हरांड्यात बसून राहिले. माझ्या सांगण्यावरून तो धरला गेला होता. आता त्याला शिक्षा होईल, ठाण्यात त्याला मारलं असेल, तो ताईबद्दल काय म्हणाला असेल, असं सगळं डोक्यात चालू होतं. चार वाजता ऑटो आला. आधी बाबा उतरले, मग त्यांच्या हाताला धरून काकू. मी उठून पायरीशी गेले. काकूंनी रिकामा डबा माझ्या हातात दिला.

"वाळून गेला पोट्टा," त्या म्हणाल्या. "पण हाये."