अडतीस मैलांवरची थरथर

ताशी पस्तीस मैलांपर्यंत माझा पिकअप गरीब गाईसारखा चालायचा. छत्तीसला सीटखाली काहीतरी जागं व्हायचं, अडतीसला माझ्या मणक्याचा मणी न् मणी वाजायचा, आणि पंचेचाळिसाच्या पुढे काटा गेला की पुन्हा सगळं शांत. पण मागे माल भरलेला असताना दारव्ह्याच्या रस्त्यावर पंचेचाळीस गाठायचं कोणी? सगळा दिवस त्या अडतिसाच्या आसपासच जायचा. सोड्याच्या बाटल्यांचं काम हातचं गेलंच होतं. मालकानं फुटलेल्या काचा माझ्यासमोर पोत्यात भरल्या आणि मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणाला.

ही साठ-एकसष्टची गोष्ट. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलता उचलता मी एक बैलगाडी केली, मग दुसरी, आणि दोन्ही बैलजोड्या विकून बोरी अरबच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून हा जुना पिकअप घेतला. भाव ठरायला तीन दिवस लागले. तिन्ही दिवस तो ओट्यावर गादीवर बसलेला, मी खाली उन्हात उभा. छप्पनला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस मी, पण ‘वर ये’ एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. सौदा मी माझ्याच भावात पटवला, म्हणून तेव्हा बोललो नाही. विसरलोही नाही.

त्यामुळे दसरा होताच थरथर सुरू झाली तेव्हा मला विचार करावा लागला नाही. त्यानंच फसवलं! भर बाजारात मी त्याला गाठलं आणि ओरडलो, “शेठ, खोटी गाडी गळ्यात मारली तुम्ही माह्या!”

तो तराजूवरून नजर न काढता म्हणाला, “मी देल्ली तवा पाण्यावानी चालत होती बे. बैल हाकणाऱ्याले मोटार हाकता येत नसन, त मी काय करू?”

लोक हसले. मग त्यानं वर पाहिलं. “वापस आणून दे. अर्ध्या भावात घेतो. पुढच्या बाजारापर्यंत. मंग भंगारवाल्याले देजो.”

अर्ध्या भावात बैलांची एकच जोडी आली असती. माझ्या हातात आठ दिवस होते.

दोन गॅरेजवाल्यांनी आधी चाकं काढून-घालून पाहिली होती. तिसरा यवतमाळचा एक म्हातारा मुसलमान मिस्त्री. तालुक्यातले सगळे ड्रायव्हर त्याला चाचा म्हणायचे. मी जाताच व्यापाऱ्याची सगळी कुळकथा सुरू केली. चाचानं पान थुंकलं आणि म्हणाला, “बाबू, पहले तुह्या तोंडाची थरथर बंद कर. मंग गाडीची पाहू.”

दुसऱ्या कोणाला मी सोडलं नसतं. चाचा शेजारी येऊन बसला आणि आम्ही दारव्हा रोडला लागलो. काटा अडतिसावर आला. गाडी थरथरू लागली.

“हातातलं चाक हालते का?”

मी पहिल्यांदाच नीट लक्ष दिलं. स्टिअरिंग शांत होतं. “नाही हालत.”

“आन् बूड?”

“बूड त लय हालून राह्यलं!”

“मंग पुढची चाकं संशयातून सुटली. आता चाळीस कर. गिअर काढ. इंजन बंद कर.”

“बंद? चालत्या गाडीत?”

“मी बसलो हावो ना? मेलो त दोघं मरू.”

मी चावी फिरवली. इंजिन गप्प झालं, फक्त वाऱ्याचा आणि चाकांचा आवाज. चाळीस, एकोणचाळीस, अडतीस, आणि तीच थरथर! इंजिन मेलेलं असताना! चाचानं मांडीवर थाप मारली. “इंजनही सुटलं!”

सांगतो, मला त्या क्षणी व्यापारी आठवला नाही, बाजार आठवला नाही. बैलबाजारात मी जनावराचे दात पाहून वय सांगायचो, खूर पाहून लंगडेपण सांगायचो. पण इथं तर गाडी स्वतःच एकेक उत्तर देत होती, फक्त तिला नीट विचारायचं होतं. गॅरेजला परतल्यावर मीच घाई केली. मागची चाकं पुढे, पुढची मागे. पुन्हा रस्ता. थरथर जिथल्या तिथं. म्हणजे चाकंही निर्दोष. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत फिरणारी ती लांब नळी, शाफ्ट, तेवढी उरली.

चाचा पोतं अंथरून गाडीखाली सरकला. थोड्या वेळानं खालून आवाज आला, “आत ये. हा निळा रंग कोनं देल्ला?”

“मीच.”

“शाफ्टले कोनी रंग देते?”

मी सांगितलं. दसऱ्याला सगळे गाडीवाले हार घालतात, लिंबू बांधतात, नारळ फोडतात. दीक्षेनंतर आमच्या वस्तीनं ते सोडलं होतं. पण वस्तीतली पहिली मोटार, आणि तीत बसून सगळे दीक्षेच्या दिवसाला नागपूरला जाणार. काहीच केलं नाही असं कसं चालेल? म्हणून पूजेऐवजी आम्ही गाडी खोलली. शाफ्टसुद्धा काढला. रॉकेलनं धुतला, ग्रीस भरलं, दोन हात निळा रंग दिला, वाळवला. बसवला मी माझ्या हातानं.

चाचा गाडीखाली पडल्या पडल्या इतका हसला की त्याला खोकला आला. “लिंबू बांधलं असतं बाबू, त शाफ्ट त खोलला नसता!”

“चाचा, लिंबाचं नाव काढू नका,” मी तडकलो.

“बरं बाबा. इकडं पाह्य.”

शाफ्टचे दोन तुकडे दातांत दात घालून एकात एक सरकून बसतात. दोन्ही टोकांना कानासारखे फाटे असतात, आणि ते फाटे एका रेषेत यावे लागतात. आमचे नव्हते. चाचानं पात्यानं रंग खरवडला. निळ्याखालून एका तुकड्यावर कोरलेला बाण निघाला. दुसऱ्यावर दुसरा. ते समोरासमोर हवे होते, आणि होते दोन दात सरकलेले.

“हा बाण कारखान्यानं कायले कोरला असन?”

तोंडात ग्रीसची चव होती आणि माझं बोट पुन्हा पुन्हा त्या बाणांवरून फिरत होतं. लाजेनं नव्हे. सापडलं म्हणून!

शाफ्ट उतरवला, बाणाला बाण भिडवला, बोल्ट मीच आवळले. चाचानं ते पुन्हा तपासले. मग रस्ता. पस्तीस. छत्तीस. सीटखाली काही नाही. सदतीस, अडतीस, आणि गाडी तेलावरून घसरावी तशी पुढे निघाली! मी ओरडलो. चाळीस केले, पुन्हा अडतिसावर आणली, पुन्हा चाळीस, पुन्हा खाली.

“अबे आता किती वेळा पाह्यशीन?” चाचा दरवाजा धरून ओरडत होता. “मले घरी बायको हाये!”

बाजाराच्या दिवशी मी गाडी व्यापाऱ्याच्या दुकानासमोर नेऊन उभी केली. तो दोन माणसं घेऊन तयारच होता. एकाच्या हातात कागदही होता.

“चावी आन,” तो म्हणाला.

“विकायची नाही.”

“काहून? थरथर गेली?”

“गेली. बसा, दाखवतो.”

तो बसला. रस्त्यावर मी काटा अडतिसावर धरून ठेवला. थरथर नाही. परत आलो तर दुकानासमोर मागच्या वेळेएवढीच गर्दी. उतरता उतरता त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “मंग खोट माह्या गाडीत होती का?”

भावात मी कधी खरं बोललो नाही, पण हा भाव नव्हता. “नोयती,” मी म्हणालो. “खोलून बसवताना मीच चुकलो.”

तो हसला. गादीवर बसला, तराजू हातात घेतला आणि पुन्हा हसला. माफीचे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. ते तिथूनच परत फिरले. मी गाडी सुरू केली. संध्याकाळपर्यंत दारव्ह्याला मिरचीची पोती पोचवायची होती.