मोठा आदित्यवार

माझ्या वडिलांनी जन्मात चर्चची पायरी चढली नाही, पण ईस्टर कधी आहे हे आमच्या घरात तेच सांगत. आमच्या गल्लीत हे कुणाच्या कानावर गेलं असतं तर कुंभकोणमभर बोभाटा झाला असता. आता सांगायला हरकत नाही. ज्यांना लाज वाटायची तीही गेली, आणि नावं ठेवायची तीही.

अप्पा पंचांग करत. इंग्रजांनी तंजावरचं राज्य खालसा केलं तेव्हा आजोबांना दरबारातून मिळणारं धान्य बंद झालं. पण चंद्रसूर्य काही खालसा झाले नाहीत, असं अप्पा म्हणत. जमिनीवर कवड्या मांडून ते ग्रहणं काढत. रोज सकाळी पूजा आटोपली की मोठ्यानं तिथी, वार, नक्षत्र वाचत. ऐकायला आई, मी आणि माझा थोरला भाऊ अण्णा, तो होता तोवर.

अण्णाला मिशनच्या शाळेत घातलं ते अप्पांनीच, इंग्रजी यावं म्हणून. एक दिवस तो धावतच घरी आला.

"अप्पा, त्यांचा येशू मेला आणि पुन्हां उठला, त्या दिवसाचा सण असतो, ईस्टर. तोही चंद्र पाहून ठरतो! दिवसरात्र सारखीं होतात तो मार्चचा एकविसावा. त्या दिवशीं किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल, ती धरायची. तिच्या पुढचा पहिला आदित्यवार म्हणजे ईस्टर."

अप्पा पानावर बसले होते. हात धुऊन ते उठले आणि कवड्या घेऊन बसले.

"म्हणजे विलायतेच्या पाद्र्यालाही आमच्याच चंद्राकडे बघावें लागतें तर!" असं म्हणून ते मांडीवर थाप मारून हसले. अण्णाही हसला. पुढच्या कितीतरी वर्षांचे ईस्टर दोघांनी मिळून काढले, आणि आई सांबार तिसऱ्यांदा गरम करत राहिली. बापलेकांना एकत्र हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

कारण पुढे अण्णानं बाप्तिस्मा घेतला. अप्पांनी आरडाओरडा केला नाही. परसात जाऊन त्यांनी मडकं फोडलं, जिवंत मुलाला तिळपाणी दिलं आणि विहिरीवर डोक्यावरून अंघोळ केली. त्याचं नाव या घरात निघायचं नाही, असं सांगितलं. मी तेव्हा लहान होते, तरी मला त्यांचा संताप आला होता. तो मी बरीच वर्षं बाळगला. आई तर रडलीही नाही. मेलेल्यासाठी रडतात, आणि तिच्या लेखी तो मेलाच नव्हता.

आमच्या परटिणीला सगळ्या गावाची खबर असे. अण्णाला मिशननं दक्षिणेकडे कुठल्याशा खेड्यात मास्तर करून पाठवलंय आणि वर्षातून एकदाच, ईस्टरला, तो कुंभकोणमला येतो, हे तिनं परसदारी आईला सांगितलं, तेव्हा अप्पा आत पंचांग लिहीत होते. त्या दिवशी पहाटे ख्रिस्ती लोक मेणबत्त्या घेऊन, गाणी म्हणत, नदीच्या वाटेवरच्या आपल्या दफनभूमीत जातात. आईचीही कावेरीवर अंघोळीला जायची वाट तीच होती.

पण ईस्टर कधी, हे परटिणीला ठाऊक नव्हतं. आणि अप्पांना विचारायची सोय नव्हती.

त्या वसंतात एका पौर्णिमेला अप्पांनी नेहमीप्रमाणे तिथी वाचली, वार वाचला, नक्षत्र वाचलं. पंचांग मिटलं. मग भिंतीकडे पाहत म्हणाले, "येता आदित्यवार मोठा आहे."

आई वाटण वाटत होती. तिचा हात थांबला, आणि पुन्हा चालू झाला. त्या दोघांत यापलीकडे एक शब्द झाला नाही, त्या वर्षी नाही आणि पुढच्याही नाही.

शनिवारी आईनं पुरणपोळ्या केल्या. सण नव्हता, व्रत नव्हतं. अप्पांनी कारण विचारलं नाही. पहाटे केळीच्या पानात पोळ्या बांधून, घागर कडेवर घेऊन ती निघाली. मी मागे. दफनभूमीच्या फाटकासमोर पिंपळाखाली एक दगड होता. तिथे आम्ही पोचलो तेव्हा माणसं गात बाहेर पडत होती. त्यांत अण्णा होता. शेंडी गेली होती, अंगात कोट होता, आणि हातातल्या मेणबत्तीचं मेण बोटांवर सांडत होतं तरी त्याला भान नव्हतं. तो आईकडे बघत होता. आईनं पुडा दगडावर ठेवला आणि ती पुढे चालू लागली. तिनं मागे पाहिलं नाही, मी पाहिलं. अण्णानं पुडा उचलून कपाळाला लावला.

शिवायचं नाही, बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही. अप्पांचा एकही नियम मोडला नव्हता. वर्षातून तेवढी एक पहाट आईच्या वाट्याला होती, आणि तेवढ्यावर ती वर्ष काढी. कधी हुताशनीच्या पौर्णिमेनंतर, कधी चैत्री पौर्णिमेनंतर अप्पा भिंतीला ते वाक्य सांगत, आणि अण्णा दरवेळी तिथे असे.

मग ते वर्ष आलं. हुताशनीची पौर्णिमा नेमकी एकवीस मार्चला पडली. अप्पा सकाळपासून खुशीत दिसत होते. विषुव आणि पौर्णिमा एकाच दिवशी म्हणजे पंचांगवाल्याला पर्वणीच. "येता आदित्यवार मोठा आहे," ते जरा मोठ्यानंच म्हणाले.

रविवारी आम्ही गेलो. फाटक बंद होतं. मेणबत्त्या नाहीत, गाणं नाही, चिटपाखरू नाही. आईनं पुडा दगडावर ठेवला आणि पहिल्यांदाच ती तिथे थांबली. उजाडलं. उन्हं वर आली. कावळ्यांनी पान फाडलं तेव्हा मी तिचा हात ओढला.

घरी आल्यावर ती अप्पांना थेट म्हणाली, "आला नाहीं तो."

अप्पांनी कवड्या काढल्या. पुन्हा मांडल्या, पुन्हा मोजल्या. दुपारी बऱ्याच वेळानं म्हणाले, "माझें गणित चुकलें नाहीं."

ते खरं होतं. आईनं ते ऐकलं, आणि गणित चुकलं नाही म्हणजे मुलगाच आपल्याला विसरला, असा अर्थ घेतला. दुसरा कुठला घेणार? त्या दिवसापासून तिचं अन्न तुटलं. चैत्री पौर्णिमेला अप्पांनी तिथी वाचली आणि पंचांग मिटलं. मोठा आदित्यवार होऊन गेला होता. त्यानंतरच्या रविवारी आई नदीवर गेली नाही. परसातल्या विहिरीवरच अंघोळ केली. लांबून घंटा ऐकू आली. ती तर दर रविवारी येई.

पुढच्या वर्षी अप्पांनी वाक्य म्हटलं, आई गेली, ख्रिस्ती मंडळी मेणबत्त्या घेऊन आलीही. त्यांत अण्णा नव्हता. त्याच्या पुढच्याही वर्षी नव्हता. आई मरेपर्यंत जात राहिली. दरवेळी पुडा ठेवी आणि कावळ्यांसाठी सोडून येई. शेवटच्या आजारात तिनं मला एकदाच विचारलं, "पोळ्या बिघडल्या असतील का गं कधीं?" मला तेव्हा ओरडावंसं वाटलं होतं. कुणावर, ते कळत नव्हतं.

माझं सासर तिरुविडैमरुदूरचं. आई गेल्यावर बऱ्याच वर्षांनी तिथल्या फलाटावर मी कुंभकोणमच्या गाडीची वाट पाहत होते. बाकावर एक पिकल्या केसांचा माणूस बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत बसला होता. अंगठा करंगळीच्या मुळापासून वर नेत, अगदी अप्पांसारखा. मी समोर जाऊन उभी राहिले.

"अण्णा," मी म्हणाले.

तो उठला. आई गेल्याचं त्याला कुठूनसं कळलं होतं. पहिलंच त्यानं विचारलं, "त्या वर्षीं आई कां आली नाहीं?"

"आली नाहीं? आम्ही ऊन चढेपर्यंत उभ्या होतों! तूंच आला नाहींस."

"मी दगडापाशीं दुपारपर्यंत बसून होतों, बाळे. मला वाटलें, अप्पांनीं अडविलें. किंवा तिनेंच सोडलें मला. मग कुणासाठीं यायचें? सिलोनला बदली मागून घेतली. यंदाच परतलों."

कुठला रविवार, कुठली पौर्णिमा, हे जुळवायला आम्हाला वेळ लागला नाही. पंचांगवाल्याची मुलं आम्ही. जुळलं तेव्हा अण्णानं तोंडावर उपरणं घेतलं.

"चर्चचा चंद्र आकाशांतला नसतो," तो म्हणाला. "जुन्या लोकांनीं कोष्टक करून ठेवलें आहे, एकोणीस वर्षांचें. पौर्णिमा त्यांतली धरायची. त्या वर्षीं खरी पौर्णिमा एकविसाला होती, कोष्टकांतली विसाला. विसाची विषुवाच्या आधींची, म्हणून सोडून द्यायची आणि पुढच्या चंद्राची धरायची. ईस्टर चैत्री पौर्णिमेनंतर झाला. मीं अप्पांना नियम सांगितला तेव्हां मला तरी कोष्टक कुठें ठाऊक होतें?"

एका दिवसाचा फरक. आकाशातल्या आणि कागदावरच्या चंद्रात एका दिवसाचा फरक, आणि माझी आई त्यात मेली. मी ईस्टरला ये म्हणून त्याच्या विनवण्या केल्या. अप्पा आहेत अजून, म्हटलं. तो म्हणाला, "त्यांनीं मला तिळपाणी दिलें आहे." येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. माझी गाडी आली.

अप्पांना मी सगळं सांगितलं. त्यांना दिसत नव्हतं तेव्हा. त्यांनी जमिनीवर हात फिरवून जागा साफ केली. मग म्हणाले, "कवड्या दे." एकोणीस वर्षांचं चक्र त्यांना माहीत होतंच. त्यांनी तो एक दिवस हिशेबात धरला आणि चाचपत चाचपत कवड्यांवर ते अख्खं कोष्टक उभं केलं. आयुष्यभर आकाशावाचून कशावर विश्वास न ठेवलेला माणूस त्या वसंतात आकाशात नसलेल्या पौर्णिमेला म्हणाला, "येता आदित्यवार मोठा आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोळ्या कर. मीही येतों."

पहाटे मी त्यांना हाताला धरून नेलं. मेणबत्त्या होत्या, गाणं होतं, फुलं होती. कोष्टक बरोबर होतं. पुडा त्यांनी स्वतः दगडावर ठेवला आणि शेजारी बसले. माणसं पुढून जात होती, आणि दर पावलाला अप्पा तोंड वर करत होते. "आला?" विचारत होते. "नाहीं अजून," मी सांगत होते. शेवटी फाटक लागल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

येताना अप्पा घराच्या ओट्यापाशी थांबले आणि माझा हात घट्ट धरून म्हणाले, "माझें गणित चुकलें असेल. पुढल्या आदित्यवारीं पुन्हां जाऊं."