मागे घेतलेला फेरा

“तिला काय विचारायचं? ती नाही म्हणणार नाही. रविवारी सुपारी फोडून टाकू,” बाबा फोनवर काकांना सांगत होते. मी डबा घेऊन वर्कशॉपच्या दारातच थांबले.

फोन ठेवून ते पुन्हा लोखंडी पट्टीच्या भोकात आटे पाडू लागले. तेलाचा थेंब सोडायचा, आटे कापणारा टॅप अर्धा फेरा पुढे फिरवायचा आणि लगेच थोडा मागे घ्यायचा. मागे घेतला की आत अडकलेला कीस तुटतो. नुसताच पुढे रेटला तर टॅप भोकातच मोडतो आणि पट्टीही वाया जाते.

लोखंड जरासं अडलं तरी बाबांच्या हातांना कळतं. माझं गप्प बसणं मात्र त्यांना होकार वाटतं. स्थळ म्हणून आलेल्या त्या मुलाला मी एकदाच भेटले. तो वाईट नाही, म्हणून तर कारण सांगता येत नाही. इंग्रजी शाळेत शिकले, पण नकार मला कुठल्याच भाषेत मोठ्यानं देता आलेला नाही.

टॅप कुरकुरला. बाबांनी तो अलगद मागे घेतला आणि मान वर केली. “आलीस? ठेव तिथे.”

डबा हातातच धरून मी म्हणाले, “बाबा, सुपारी फोडू नका. मला हे लग्न करायचं नाही.”