व्यवसायाचा रकाना

सिन्नर फाट्याजवळचं आमचं घर भिंतींपासून छपरापर्यंत सिमेंटच्या पत्र्यांच्या तुकड्यांचं होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, शेडचे पत्रे करवतीने कापून बसवायचे. मोडकेतोडके तुकडे मालक त्यांना नेऊ द्यायचे. उन्हाळ्यात आत भाजून निघायचो. संध्याकाळी आई त्यांचा शर्ट दारात झटकायची आणि पांढरी धूळ माझ्या वहीवर बसायची. ती फुंकून मी अभ्यास करायचे. तशीच बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेजला गेलेली पहिली मीच.

गेल्या वर्षी आण्णांना धाप लागू लागली. छातीत पाणी झालं होतं. हॉस्पिटलचा फॉर्म मी भरला आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, 'कंत्राटदार'. अगदीच खोटं नव्हतं, शेवटी शेवटी त्यांच्या हाताखाली दोन माणसं होती. पण खरं सांगायचं तर मला माझ्या हाताने दुसरं काही लिहायचं नव्हतं. पाणी काढलं, टीबी असेल म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या.

मग टाळूवर गाठ आली, नेमकी पत्रे वाहताना चुंबळ बसायची तिथे. त्या कामातल्या सगळ्यांनाच तिथे घट्टा असतो. आईने आंबेहळद उगाळून लावली. "जन्मभर दुसऱ्यांची छपरं वाहिलीत, आता डोक्यानेच वरचा मजला काढलाय," ती म्हणाली. आण्णा हसले आणि खोकत राहिले. दोन महिने मीही त्या लेपावर विसंबले.

गाठ वाढली तेव्हा तिचा तुकडा तपासला. नवीन डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही इथली नाही, दुसरीकडून आलीय. काका, काम काय करायचात?"

"कंत्राटदार आहेत," मी म्हणाले.

"कसला कंत्राटदार, बाई," आण्णा म्हणाले. "पत्रे कापायचो, सिमेंटचे. लय धूळ उडायची."

डॉक्टरीणबाईंनी तुकडा पुन्हा तपासायला लावला. मेसोथेलिओमा निघाला. फुप्फुसाभोवतीच्या पडद्याचा कॅन्सर, पत्र्यातल्या ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा. तो बहुतेक वेळा छातीतच राहतो. टाळूपर्यंत आलेला त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला.

"काम आधी सांगितलं असतं तर आण्णा बरे झाले असते?" मी विचारलं.

"नाही. पण चार महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या नसत्या."

त्या गोळ्यांनी त्यांचं अन्न तुटलं होतं.

रिक्षात आण्णा एवढंच म्हणाले, "पत्रे कापले बाई, चोरी नाय केली."

दिवाळीआधी ते गेले. मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म मी भरला. व्यवसाय : सिमेंटचे पत्रे कापणे. आजाराचं नाव डॉक्टरांनी लिहिलं. दोन्ही रकाने आता बरोबर आहेत.