कुणी बघत नसेल तरच

हवा भरायची कयाक घरी आली तेव्हा बायकोनं एकच अट घातली, कुणी बघत नसेल तरच बसेन. पन्नाशीत पाण्याची भीती मोडायचं तिनं मनावर घेतलं होतं आणि मला त्याचं फार कौतुक वाटत होतं. पण उन्हाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर निम्मं कोल्हापूर डुंबत असतं आणि उरलेलं निम्मं काठावर बसून डुंबणाऱ्यांच्या चुका काढत असतं. तिथं ती पाच मिनिटं बसली. मी काठावरून डावं मार, उजवं मार म्हणून ओरडत होतो. लोक जमले, ती उतरली. त्या लोकांचा मला भयंकर राग आला.

मग महिनाभर मी निवांत पाणी हुडकत हिंडलो. शिरोळकडं गेलो तर नदीवर ट्रॅक्टर धुवायला रांग. बिद्रीच्या पुढं एक डोह सापडला, पण त्यात म्हशी बसल्या होत्या. म्हशी निदान सल्ला देत नाहीत, असं मी समजावलं. तिनं ऐकलं नाही. शेवटी गारगोटीकडं एका लहान बंधाऱ्यामागं अडलेलं पाणी मिळालं. चिटपाखरू नव्हतं.

इथं मी अस्सल आपल्याकडची चूक केली. गुपचूप पाण्यात उतरायचं सोडून काठावरच्या उसाच्या मालकाला विचारायला गेलो. नदी काही त्याची नव्हती, पण न विचारता उतरणं बरं दिसत नाही. त्यानं चहा पाजला, माझं गाव काढलं, सासुरवाडी काढली आणि बायको येणार म्हटल्यावर वारही काढून घेतला.

रविवारी पोचलो तर बांधावर चूल पेटलेली, रश्श्याला उकळी फुटलेली आणि अख्खी वस्ती सावलीला पोती अंथरून बसलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पावणं, वैनी पहिल्यांदा येणार म्हटल्यावर एकटंच सोडायचं व्हय?" मालक म्हणाला आणि माझ्या हातात पळी दिली. तिखट शहराच्या बेतानं ठेवायची जबाबदारी माझी होती.

मी चुलीपाशी अडकलो आणि तिकडं बायकांनी तिला घेरलं. मालकाच्या आईनं लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले. कयाक जागच्या जागी गोल फिरली, सगळ्या हसल्या, तीही हसली आणि तिनं पुन्हा वल्हं मारलं. थोड्या वेळानं बघतो तर ती पलीकडच्या काठाला टेकून परत येत होती. मी पळीसकट पाण्याकडं धावलो आणि वल्हं जरा खालून धर म्हणून सांगायला लागलो. तिनं वल्हं मांडीवर ठेवलं. कयाक थांबली.

येताना गाडीत मी गर्दीबद्दल माफी मागितली. आणखी आत कुठंतरी, माणूसच नसेल अशी जागा शोधतो म्हणालो.

"जागा हीच बरी हाय," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी तुम्ही तेवढं घरी थांबा."