तळाशी गेलेली ओळ

कॉलेजच्या ऑफिसात त्यांना तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘स्वल्पविराम’. हे दुसरं नाव बाईंना ठाऊक होतं आणि मनातून त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. टाइप झालेला कागद त्यांच्या टेबलावरून पुढे जायचा, तर त्यातला स्वल्पविरामसुद्धा जागा सोडून बसता कामा नये, असा त्यांचा खाक्या होता. बत्तीस वर्षं त्या एकाच टेबलाशी बसल्या. तेवढ्या काळात चार प्राचार्य आले नि गेले, टंकलेखन यंत्र जाऊन संगणक आला. पण बाईंच्या सेवापुस्तकात एकही वाईट शेरा पडला नाही. निवृत्तीला आता चार महिने उरले होते.

दर सत्राच्या शेवटी कॉलेजात विद्यार्थी शिक्षकांना मार्क देत. बिननावाचा फॉर्म वर्गात वाटायचा, भरून गोळा करायचा आणि त्यातले आकडे बाईंनी संगणकात चढवायचे. पूर्वी फॉर्मवर ‘उत्तम’, ‘बरे’, ‘वाईट’ असे शब्द असत आणि त्यांवर खूण करायची असे. या वर्षी नव्या प्राचार्यांनी शब्द काढून आकडे आणले, एक ते पाच. ज्याची सरासरी तीनच्या खाली जाईल, त्या कंत्राटी शिक्षकाला पुढचं वर्ष नाही. त्यामुळे फॉर्मच्या आठवड्यात कंत्राटी मंडळींची पाचावर धारण बसली, आणि ती अगदी अक्षरशः पाचावर. कोणी त्या दिवशी वर्गात बिस्किटं वाटली, आणि जाता जाता प्रत्येकानं सांगितलं, “पोरांनो, पाच म्हणजे सगळ्यात चांगलं बरं का!”

हे न करणारे एकच होते, संध्याकाळच्या वर्गाला संख्याशास्त्र शिकवणारे सर. विद्यार्थी त्यांना ‘अर्धा मार्क’ म्हणत, कारण ते तेवढाही सहज सोडत नसत. आपल्याबद्दलचे फॉर्म भरले जात असताना आपण तिथे थांबणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. गठ्ठा पहिल्या बाकावर ठेवून ते खाली मैदानात फेऱ्या मारायला जात.

मंगळवारी दुपारी बाईंनी त्यांचा गठ्ठा उघडला. सेहेचाळीस फॉर्म. पहिल्या फॉर्मवर बाराही प्रश्नांपुढे एक. दुसऱ्यावरही एक. सगळे चढवून झाल्यावर सरासरी आली दोन पूर्णांक एक.

बाईंना वाईट वाटलं. सर मार्कांत हात आखडता घेत, पण वर्ग कधी बुडवत नसत, आणि पेपरांचे मार्क वेळेवर आणि स्वच्छ अक्षरात देणारा तो कॉलेजातला एकमेव माणूस होता. गठ्ठ्याला दोरी बांधताना एक फॉर्म उलटा झाला. पाठीमागे ‘आणखी काही सांगायचे असल्यास’ अशी जागा होती. ती संगणकात चढवायची नसे, म्हणून कोणी वाचतही नसे. तिथे निळ्या पेनानं लिहिलं होतं : ‘सर एक नंबर! दिवसभर गोदामात उभं राहून येतो, पण यांच्या तासाला झोप येत नाही.’

बाईंनी फॉर्म सुलटा केला. बाराही ठिकाणी एक. पुन्हा उलटा केला. मग दोरी सोडली आणि सेहेचाळीसच्या सेहेचाळीस फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचले.

एकतीस जणांनी सगळीकडे एक लिहिला होता. त्यांतल्या एकोणीस जणांनी मागे सरांचं भरभरून कौतुक केलं होतं. पाच जणांनी मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. त्यांचा एक खरोखरचाच एक होता. आणि सात जणांची मागची बाजू कोरी होती.

एक म्हणजे वाईट आणि पाच म्हणजे चांगलं, हे फॉर्मवर लिहिलेलं नव्हतं का? होतं. बाईंनीच टाइप केलं होतं. पण फॉर्म एका पानात बसेना, दोन ओळी खाली सांडत होत्या. म्हणून त्यांनी ती ओळ वरून काढून अगदी तळाशी, बारीक अक्षरात, ‘सही करू नये’ याच्याही खाली नेली होती. सगळं एका पानात बसवलं म्हणून त्या दिवशी त्या स्वतःवर खूशही झाल्या होत्या.

आता त्या ओळीकडे बघताना त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या तशाच उठून प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य वयानं त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, वागायला सभ्य आणि कायम घाईत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“हात्तिच्या! एवढंच ना? उलटे करून टाका. एकाचे पाच करा, आपल्या दोघांतच राहील.”

“आणि त्या पाच जणांनी खरंच एक दिलाय, त्यांचं काय करू, साहेब? शिवाय सात कोरे आहेत. त्यांच्या मनात काय होतं हे मी कोण ठरवणार?”

“मग आहे तसं राहू द्या.” प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. “खरं सांगू का, बाई? या सरांचं मलाही जडच जातंय. बाकी सगळे विषय ए, ए, ए. यांच्या कॉलममध्ये मात्र बी आणि सी. निकाल खाली येतो, पालक मला फोन करतात. मुलांना नोकऱ्या लागायला नकोत का?”

“फॉर्म पुन्हा भरून घेता येतील.”

“पुन्हा भरायचे तर कारण लेखी लागेल. चूक कुणाची, ते लिहावं लागेल. म्हणजे तुमच्या सेवापुस्तकात शेरा. चार महिन्यांसाठी कशाला? कंत्राटांची यादी शनिवारी जायची आहे. तोवर विचार करा.”

बाई घरी आल्या तेव्हा भाची स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अर्ज भरत होती. भावाची ही मुलगी शिकायला म्हणून बाईंकडे आली आणि त्यांच्याच कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गातून पदवी मिळून वर्ष झालं तरी नोकरीसाठी इथेच राहिली होती. गुणपत्रिकेत सगळीकडे ए. एका संख्याशास्त्रात तेवढा बी. त्या बीवरून तिनं तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता, तोही बाईंशी, जणू मार्क बाईंनीच कापले होते.

“कशी झाली मुलाखत?” बाईंनी विचारलं.

“झाली. आत्या, अगं, त्या माणसानं माझे ए पाहिलेसुद्धा नाहीत! म्हणाला, तुमच्या कॉलेजच्या दिवसाच्या वर्गातले सतरा जण येऊन गेले, सतराही जणांना सगळ्यांत ए. बी मिळालेलं कुणी असेल तर पाठवा म्हणावं.”

“मग?”

“मग मी म्हटलं, मला आहे की! एक आहे.” भाचीला सांगता सांगताच हसू आलं. “तर त्यानं त्या बीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे मास्तर कोण? आणि समोर एक तक्ता टाकला. यात काय चुकलंय सांगा म्हणाला.”

“सांगितलंस?”

“अर्धं. उरलेलं अर्धं सरांनी शिकवलं तेव्हा मी मागच्या बाकावर नेलपॉलिश लावत होते. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. घेतीलच असं नाही.”

“तू तुझ्या वेळी सरांच्या फॉर्मवर काय लिहिलं होतंस?”

“‘वाईट’वर खूण. चांगली दोनदा केली. बी देतात म्हणजे काय!” भाची मान खाली घालून अर्ज भरू लागली. मग म्हणाली, “आता फॉर्म दिलास तर नाही करणार तशी.”

बाईंनी जेवणाची भांडी घासली, ओटा पुसला. शेरा लागला तर काय होणार होतं? निवृत्तिवेतन थांबणार नव्हतं, कोणी काढून टाकणार नव्हतं. निरोपाच्या दिवशी ‘बत्तीस वर्षं निष्कलंक सेवा’ हे वाक्य भाषणातून गळलं असतं, एवढंच. पण ते वाक्य ऐकायची त्यांना फार इच्छा होती. ते त्यांनी मनातल्या मनात कितीतरी वेळा ऐकलंही होतं, प्रत्येक प्राचार्याच्या आवाजात.

बुधवारी सकाळी त्यांनी पत्र टाइप केलं. ‘फॉर्मवरील सूचनेची ओळ मी माझ्या निर्णयाने तळाशी नेली. त्यामुळे विद्यार्थ्यांची दिशाभूल झाली.’ नुसतं ‘ओळ तळाशी गेली’ असं लिहिलं असतं तर चूक कुणाची ते अंधारातच राहिलं असतं; ऑफिसातली पत्रं त्यासाठीच तशी लिहितात. बाईंनी ‘मी’ ठेवला. आवकवहीत नोंद केली, क्रमांक घातला आणि पत्र प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. नोंद झालेलं पत्र खिशात घालता येत नाही, हे प्राचार्यांनाही माहीत होतं. क्रमांक पाहून ते म्हणाले, “शुक्रवारी भरून घ्या.”

शुक्रवारी संध्याकाळी एक्केचाळीस जण आले. पाच जण कामाच्या पाळीवर होते. नवा फॉर्म दोन पानी होता आणि ती ओळ सगळ्यात वर, ठळक होती. सर मैदानात गेले. बाईंनी ओळ मोठ्यानं वाचली, “एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे चांगलं.”

मग एक गोदामवाला म्हणाला, “काय सांगता काकू! एक नंबर कधीपासून वाईट झाला?”

“म्हणजे आपण सरांना नापास केलं की काय?” इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करणारी एक विद्यार्थिनी घाबरून म्हणाली.

“बरं झालं,” मागून आवाज आला. “कसं वाटतं ते त्यांनाही कळू दे एकदा.”

सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, “ज्यांना खरंच एक द्यायचा आहे, त्यांनी खुशाल द्या. भिडेखातर पाच लिहू नका. मी सगळे वाचते.”

पाच जणांनी एक दिलाच. सरासरी आली तीन पूर्णांक आठ. तोवर चढवलेल्यांत त्याहून वर चौदा शिक्षक होते, पण तीनच्या वर असणं पुरेसं होतं. सरांचं कंत्राट एका वर्षानं वाढलं.

सोमवारी सर ऑफिसात आले. हातात काही नव्हतं. फुलं-बिलं आणणारा तो माणूसच नव्हे.

“ते पहिले फॉर्म तुम्ही उलटे केले नाहीत म्हणे?”

“कोरे सात होते, सर.”

“बरोबर आहे. कोऱ्याचा अर्थ लावायचा नसतो.” सर जरा घुटमळले. “वर्षभर घसा फोडतो, तरी हे वर्गातल्या निम्म्यांना कळत नाही. तुम्ही माझ्या वर्गात असतात, तर तुम्हाला ए दिला असता.”

“पूर्ण?”

“बघावं लागलं असतं,” सर म्हणाले आणि निघून गेले.

सेवापुस्तकांचं कामही बाईंकडेच असल्यानं शेऱ्याचा मसुदा टाइपिंगला त्यांच्याकडेच आला. प्राचार्यांनी हातानं लिहिलं होतं : ‘फॉर्म तयार करताना किरकोळ नजरचूक झाली.’ बाईंनी तो दोनदा वाचला आणि आत गेल्या.

“साहेब, एक शब्द काढायचा होता.”

“काढा ना!” प्राचार्यांना हायसं वाटलं. “मी म्हणतच होतो. कुठला?”

“‘किरकोळ.’ त्या माणसाची नोकरी जात होती.”

प्राचार्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मसुद्याकडे पाहिलं, पेन घेतलं आणि तो शब्द खोडून बाजूला सही केली. बाईंनी जागेवर येऊन वाक्य टाइप केलं, सेवापुस्तकात आपल्या पानावर चिकटवलं आणि पुस्तक कपाटात आपल्या क्रमांकाच्या जागी ठेवून दिलं. मग शनिवारच्या यादीत नसलेल्या कायम शिक्षकांपैकी पुढच्याचा गठ्ठा उघडला. त्याचेही फॉर्म आता त्या दोन्ही बाजूंनी वाचणार होत्या, आणि निवृत्तीपर्यंत तसे अकरा गठ्ठे बाकी होते.