रोक्सिटरच्या जमिनीखालचा बंब

मंडळी, आजच कॉव्हेंट्रीहून रोक्सिटरचं रोमन शहर पाहून आलो. रोमन इतिहास मी लायब्ररीतली पुस्तकं वाचून स्वतःच शिकलोय. पण मी सांगू लागलो की इथे इंग्लंडातच वाढलेली आमची लेक नेहा कानाला वॉकमन लावते. आजही लावला होता.

साताऱ्याहून आलेल्या आईला स्नानगृहाच्या जमिनीखालचे विटांचे बुटके खांब दाखवले.

"म्हणजे खाली बंब पेटवायचे," आई म्हणाली.

मी बोलणार तोच मागून नेहा म्हणाली, "नाही आजी, आग बाहेर होता. खाली फक्त गरम हवा यायचा. लोक नेहमी मिक्स करतात."

हे मी तिला बाथ शहरात सांगितलं होतं, तेव्हाही वॉकमन होताच. येताना गाडी मी जरा ताठ बसून चालवली.

तुमच्या मुलांच्या वॉकमनमध्ये खरंच गाणी चालू असतात का हो?